वाटेला लावणे

अनंतराव बर्व्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते साताऱ्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात उभे राहून एका वयस्क शिरस्तेदारांना 'टर्न' या इंग्रजी शब्दाच्या शेपट्या समजावून सांगत होते.

"टर्न अप म्हणजे उगवणं. टर्न डाउन म्हणजे नाकारणं. टर्न आउट म्हणजे हाकलून देणं. आणि टर्न इन म्हणजे झोपायला जाणं, नाहीतर एखाद्याला पोलिसांच्या हवाली करणं. आता साहेब म्हणाला, 'आय शाल टर्न इन', तर घाबरायचं कारण नाही. तो आपला झोपायला निघालाय."

"आणि म्हणाला, 'टर्न हिम इन', तर?" शिरस्तेदारांनी विचारलं.

"मग त्या बिचाऱ्याची झोप उडाली म्हणायची," असं म्हणून अनंतरावांनी तपकिरीची चिमूट ओढली आणि कोर्टाची घंटा झाली म्हणून आत गेले.

दुसरी मोठी लढाई सुरू होऊन एखादं वर्ष झालं होतं. मला नुकतीच वकिलीची सनद मिळाली होती आणि कामं जवळजवळ नव्हतीच. त्यामुळे दुसऱ्यांची कामं ऐकत कोर्टात बसून राहणं हाच उद्योग. अनंतराव तिथले दुभाषी. साक्षीदार मराठीत बोलायचा, गोरा जज्ज इंग्रजीत ऐकायचा आणि मध्ये हा सडपातळ, किंचित वाकलेला माणूस उभा असायचा. अंगात बंद गळ्याचा काळा कोट, कोपरांवर विटून हिरवट झालेला. साक्षीदार बोलू लागला की ते डावा डोळा मिटून घ्यायचे आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत राहायचे. वाक्य संपलं की डोळा उघडायचा आणि इंग्रजी बाहेर यायचं. तेही असं, की जज्जाला वाटावं हा साक्षीदार कुंडल-कडेगावकडचा नसून त्याच्याच गावच्या खानावळीत बसलेला कुणी आहे.

बाकीचे दुभाषी शब्दाला शब्द ठेवायचे. एकदा एका दुभाष्यानं "त्यानं माझ्या तोंडाला पानं पुसली" याचं भाषांतर खरोखरच पानं आणि तोंड घेऊन केलं होतं, आणि जज्जानं ती पानं कशाची होती असं विचारलं होतं. हा किस्सा साताऱ्याच्या बाररूममध्ये कायम चालायचा. अनंतरावांच्या बाबतीत असं कधी व्हायचं नाही. ते म्हणीला म्हण द्यायचे आणि झटक्याला झटका. त्यांचं म्हणणं असं, की पुस्तकी इंग्रजी कुणालाही येतं, पण इंग्रज घरात बोलतो ते इंग्रजी क्रियापदात नसतं, त्याच्या मागच्या शेपटीत असतं. आम्हा तरुण वकिलांना ते नेहमी बजावायचे, "घोडा ओळखू नका, शेपूट ओळखा. गिव्ह इन म्हणजे नमणं. गिव्ह अप म्हणजे सोडून देणं. गिव्ह आउट म्हणजे संपणं. आणि गिव्ह अवे म्हणजे दान करणं किंवा दगा देणं. दान आणि दगा एकाच शेपटीत. जपून."

हे वेड त्यांना लागलं त्याला एक कुत्रा कारण झाला होता. तरुणपणी ते महाबळेश्वरला जंगलखात्याच्या एका साहेबाकडे कारकून होते. साहेबाचा रोव्हर नावाचा म्हातारा कुत्रा होता. फिरतीवर निघताना साहेब म्हणाला, "द ओल्ड बॉय मस्ट बी पुट डाउन, बर्वे. मी परत यायच्या आत ते उरकून टाक." पुट डाउन म्हणजे खाली ठेवणं, इतकं अनंतरावांना येत होतं. महाबळेश्वराच्या खाली काय, तर वाई. वाईला त्यांची सासुरवाडी. त्यांनी कुत्र्याला डालग्यात बसवून पसरणीच्या घाटानं खाली नेलं आणि मेहुण्यांच्या स्वाधीन केलं. आठवड्यानं साहेब परतला. गंभीर चेहऱ्यानं त्यानं विचारलं, "त्याला फार त्रास झाला का?"

"नाही सर. घाटात एका वळणावर ओकला तेवढंच. आता चांगलं जेवतोय."

साहेबाला कळायला वेळ लागला. मग तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. शेवटी म्हणाला, राहू दे त्याला तिथंच. पुट डाउन म्हणजे जनावराला मारून मोकळं करणं हे अनंतरावांना त्या दिवशी समजलं.

हा किस्सा ते रंगवून सांगायचे, पण त्याचा शेवट नेहमी गंभीर असायचा. "मला लाज वाटली हो. कुत्रा वाचला हा माझा शहाणपणा नव्हता. त्या दिवसापासून मी शब्द धरायचं सोडलं. अर्थ धरायला लागलो."

त्यांच्या पत्नी जानकीबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "माझ्या माहेरी तो कुत्रा एक अक्षर इंग्रजी न ऐकता सुखात जगला. तुम्हीही जगाल."

मी त्यांच्या समोरच्याच घरात बिऱ्हाडानं राहत होतो, त्यामुळे त्यांची ही बोलणी कानावर यायची. अनंतरावांना मूलबाळ नव्हतं. रविवारी सकाळी ते कॅम्पाकडे फिरायला जायचे. कॅम्पाच्या मैदानाला कुंपण होतं आणि आत गोरे सोल्जर क्रिकेट खेळायचे, एकमेकांना शिव्या द्यायचे, हाका मारायचे. अनंतराव कुंपणाशी उभे राहून ऐकायचे आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटायचे. लढाईचे दिवस. एका पहारेकऱ्याला संशय आला आणि त्यानं त्यांना धरून अधिकाऱ्यापुढे उभं केलं. इथं काय करतोस, असं अधिकाऱ्यानं दरडावलं.

"पिकिंग अप, सर."

"काय उचलतोयस?"

"इंग्लिश, सर."

त्या अधिकाऱ्यानं त्यांना चहा पाजून परत पाठवलं. हे सांगताना त्यांना चहापेक्षा एका गोष्टीचा आनंद अधिक व्हायचा. परतताना त्या पहारेकऱ्यानं त्यांना दोस्ताचा निरोप घेतात तसं "चीरिओ" म्हटलं होतं.

त्यांना गर्व होता का? होता. साध्या माणसाला एकाच गोष्टीचा असतो तसा होता. "माझं भाषांतर कधी परत घ्यावं लागलेलं नाही," असं ते म्हणायचे, आणि ते खरं होतं.

बेचाळीसच्या चळवळीनंतर आमचा जिल्हा पेटलेलाच होता. माणसं भूमिगत झाली होती, गावोगाव पोलीस फिरत होते आणि कोण कुणाची बातमी देतो याचा भरवसा उरला नव्हता. अशा दिवसांत कुंडलच्या पुढच्या एका गावातला सखाराम नावाचा माणूस ओढ्यात मेलेला सापडला. तो पोलिसांना बातम्या पुरवतो अशी कुजबुज होती. आदल्या दिवशी तिन्हीसांजेला तो ज्ञानू मोरे या थोडा ऊस करणाऱ्या गरीब शेतकऱ्याच्या वस्तीवर गेलेला लोकांनी पाहिला होता. ज्ञानूला धरलं. मॅजिस्ट्रेट म्हणून एक तरुण गोरा अधिकारी नव्यानं आला होता आणि त्याला मराठीचा गंध नव्हता. म्हणून जबाब घ्यायला साताऱ्याहून अनंतरावांना मुद्दाम नेण्यात आलं. ज्ञानू मराठीत बोलला, अनंतरावांनी इंग्रजीत सांगितलं आणि साहेबानं ते इंग्रजीत लिहून घेतलं. मराठी शब्द कुठंच लिहिले गेले नाहीत. लिहिलं गेलं ते असं: "ही एट हिज ब्रेड विथ मी, अँड देन आय पुट हिम आउट ऑफ द वे." त्यानं माझ्याबरोबर भाकरी खाल्ली आणि मग मी त्याचा काटा काढला.

खटला सेशन्सला आला. ज्ञानूकडे वकील द्यायची ऐपत नव्हती, म्हणून कोर्टानं ते काम माझ्याकडे सोपवलं. खुनाचं माझं पहिलंच काम. तुरुंगात भेटलो तेव्हा ज्ञानू भिंतीला पाठ लावून बसला होता. हाडापेरानं मोठा, पण आवाज अगदी खालचा.

"तू कबुली का दिलीस?" मी विचारलं.

"कबुली कुटं दिली, वकीलसायेब? झालं त्येवढं सांगितलं."

"सखारामला तू मारलंस?"

"न्हाई."

"मग साहेबापुढं काय बोललास?"

"म्हनलं आला, भाकरी खाल्ली, गेला."

कबुली दिलेला प्रत्येक आरोपी पुढे असंच म्हणतो, हे मला ज्येष्ठ वकिलांनी शिकवलं होतं. मी मान हलवली आणि कागद आवरले. जबाब इंग्रजीत होता, त्यावर मॅजिस्ट्रेटची सही होती, आणि भाषांतर अनंतराव बर्व्यांचं होतं. त्या भाषांतरावर शंका घ्यावी हे माझ्या काय, कुणाच्याच मनात आलं नसतं.

खटला चालू झाला. पुरावा तसा किरकोळ होता, जबाब सोडला तर. पण जबाब होता, आणि तो फासापर्यंत न्यायला पुरेसा होता. आमच्याकडून साक्षीला ज्ञानूची आई सोनाबाई उभी राहिली. डोक्यावरचा पदर दातांत धरून ती एवढंच सांगायला आली होती की त्या रात्री ज्ञानू वस्तीवरून घरी येऊन झोपला होता. सरकारी वकिलांनी उलटतपासणीत तिला धाकट्या मुलाबद्दल विचारलं. तोही फरारी आहे की काय, असा त्यांचा रोख होता.

"धाकला फौजंत हाय जी," सोनाबाई म्हणाली. "ह्या ज्ञानूनंच धाडला. बाप न्हाई न्हवं त्येस्नी. ह्येनंच भाकरी बांदून दिली आन् ठेसनावर न्हिऊन वाटंला लावला."

अनंतरावांचा डावा डोळा मिटलेला होता. तो उघडला. त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली, "ही गेव्ह हिम ब्रेड, टुक हिम टु द स्टेशन, अँड…" आणि ते थांबले.

जज्ज लिहीत होता. "येस? अँड?"

अनंतरावांचा अंगठा पेरांवर थांबला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहत होते.

"कॅरी ऑन, मिस्टर बर्वे," जज्ज म्हणाला.

"अँड सॉ हिम ऑफ, सर," अनंतराव म्हणाले. त्याला निरोप देऊन रवाना केलं. मग त्यांनी सोनाबाईकडे वळून हलक्या आवाजात विचारलं, "बाई, तुम्ही वाटंला लावला म्हणालात ना?"

"व्हय जी. वाटंला लावला."

अनंतराव जज्जाकडे वळले. आरोपीच्या जबाबाबद्दल मला काही सांगायचं आहे, असं ते इंग्रजीत म्हणाले. सरकारी वकील ताडकन उठले. दुभाष्याला बोलायचा अधिकार नाही, असा त्यांचा आक्षेप. जज्जानं हातानंच त्यांना खाली बसवलं आणि अनंतरावांकडे चष्म्यावरून पाहिलं.

"आरोपीनं त्या दिवशी हेच शब्द वापरले होते, सर. वाटेला लावला. मी त्याचं पुट हिम आउट ऑफ द वे केलं."

"आर यू गोइंग बॅक ऑन युअर वर्ड्स, मिस्टर बर्वे?" तुम्ही आपले शब्द फिरवताय का, असं जज्ज विचारत होता.

"नो, सर," अनंतराव म्हणाले. "आय ॲम गोइंग बॅक टु हिज."

मी त्याच्या शब्दांकडे परत जातोय. एरवी एवढ्या चपखल उत्तरावर त्यांनी तपकीर ओढली असती. त्या दिवशी त्यांचे हात बाजूला लोंबत होते.

जज्जानं काम थांबवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना शपथेवर साक्षीदार म्हणून उभं राहायला सांगितलं. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ते ओटीवर बसले होते आणि जानकीबाई दारात उभ्या होत्या.

"शब्दाचे दोन अर्थ आहेत," ते मला म्हणाले. "पाहुण्याला वाटेला लावतात आणि वैऱ्यालाही वाटेला लावतात. हे मला माहीत नव्हतं का? मला माहीत होतं. गाडीतून जाताना फौजदार मला म्हणाला होता, खुन्याचा जबाब घ्यायचाय, बर्वे, नीट घ्या. मी तिथं पोचलो तो खुनी ऐकायलाच. त्यानं तोंड उघडायच्या आधीच मी वाक्य तयार ठेवलं होतं."

"पण जबाब त्याला वाचून दाखवला होता ना?" मी विचारलं.

"दाखवला. आणि तो वाचला कुणी? मीच. इंग्रजीचं मराठी करून. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, तू सांगितलंस त्याला वाटेला लावला, बरोबर? तो म्हणाला, व्हय."

मग जानकीबाईंनी विचारलं, "उद्या हे सगळं सांगणार?"

"सांगणार."

"नोकरी जाईल."

"जाईल."

"मग आता जेवून घ्या," असं म्हणून त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी कोर्ट गच्च भरलं होतं. ज्या पिंजऱ्याशेजारी उभं राहून अनंतराव इतकी वर्षं दुसऱ्यांचं बोलणं सांगत आले होते, त्यात आज ते स्वतः उभे होते. दुभाष्याची गरजच नव्हती. सरकारी वकिलांनी त्यांच्या लौकिकालाच हात घातला.

"या जिल्ह्यात बोली इंग्रजी तुमच्याइतकं जाणणारा दुसरा कुणी आहे?"

"नाही," अनंतराव म्हणाले. काही लोक हसले. ते फुशारकी मारत नव्हते. शपथ घेतली होती म्हणून खरं सांगत होते.

"पुट आउट ऑफ द वे याचा अर्थ तुम्हाला ठाऊक होता?"

"होता."

"शब्द चुकून तोंडातून गेला?"

"नाही. मी निवडला."

"मग चूक कुठली?"

"त्यानं सांगायच्या आधीच मी ऐकून बसलो होतो."

सरकारी वकिलांनी मग त्यांची सहानुभूती कुणाकडे आहे, घरी कोण येतं-जातं, खादी कोण वापरतं, असे प्रश्न विचारले. तुम्हाला कुणी भीती घातली का, असंही विचारलं. प्रत्येक प्रश्नाला त्यांनी नाही म्हटलं. मग जज्जानं स्वतः विचारलं. सगळं याच्या उत्तरावर होतं. "म्हणजे आरोपीला निरोप दिला असंच म्हणायचं होतं, हे तुम्ही खात्रीनं सांगता?"

एक हो म्हटलं असतं तर माझा आशील तिथंच सुटला असता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ज्ञानूकडेही नाही.

"नाही, सर. त्याला काय म्हणायचं होतं ते मला ठाऊक नाही. तो काय म्हणाला तेवढंच ठाऊक आहे."

मला त्यांचा राग आला. त्या रात्री झोप लागली नाही इतका आला. पण निकालपत्रात जज्जानं लिहिलं, की हा दुभाषी आरोपीला सोडवण्यासाठी खोटं बोलत असता, तर शेवटच्या प्रश्नाला त्यानं सरळ हो म्हटलं असतं. जबाब पुराव्यातून बाद झाला. उरलेल्या पुराव्यावर शिक्षा देता येत नव्हती. ज्ञानू सुटला.

अनंतरावांची चौकशी झाली. वरिष्ठांना त्यात चळवळीचा वास आला. त्यांना सक्तीच्या रजेवर पाठवलं आणि मग मुदतीआधी निवृत्त केलं. गावात उलटा प्रकार. काही मंडळी त्यांचा गुपचूप सत्कार करायला म्हणून हार घेऊन आली. सरकारला तोंडावर सुनावणारा देशभक्त म्हणून. अनंतरावांनी त्यांना ओटीवर बसवलं, पाणी दिलं आणि हार मात्र घेतला नाही. "मी देशासाठी काही केलेलं नाही," ते म्हणाले. "माझं एक वाक्य चुकलं होतं, ते मी पुसलं."

आणि एका दुपारी सखारामचा बाप आला. म्हातारा रहिमतपूरला लेकीकडे आला होता, तिथून चौकशी करत साताऱ्यात पोचला होता. तो वर यायला तयार होईना, पायरीवरच बसला. मी माझ्या खिडकीत होतो. त्यानं भांडण केलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत.

"तुमी कोर्टात म्हनला तुमचं चुकलं," तो म्हणाला.

"हो."

"मग माज्या पोराला कुनी मारलं?"

अनंतराव खाली येऊन त्याच्याशेजारी पायरीवर बसले. दोघं तसेच बसून राहिले. म्हातारा गेल्यावर ते तपकिरीची डबी हातात घेऊन बसले होते, पण ती उघडली नाही.

मला वाटतं त्या दिवसापासून त्यांना तो प्रश्न सोडेना. आपण निरपराध माणसाला फासावरून उतरवलं की खुन्याला मोकळं केलं? ते मला कधी असं उघड म्हणाले नाहीत. पण बोलता बोलता मध्येच विचारायचे, "तुम्ही त्याला तुरुंगात भेटला होता ना? तेव्हा तो कसा बोलत होता? नजरेला नजर देत होता?" मी म्हणायचो, देत होता. त्यावर ते म्हणायचे, "हं. पण नजरेला नजर निरपराधही देतो आणि खुनीही."

पुढच्या गुऱ्हाळाच्या मोसमात ज्ञानू त्यांच्या घरी आला. खांद्यावर गुळाची ढेप होती. योगायोगानं मी तिथंच होतो. त्यानं ढेप ओटीवर ठेवली आणि अनंतरावांच्या पायांवर डोकं टेकवलं. अनंतरावांनी पाय मागे घेतले.

"हे नको. परत घेऊन जा."

"घरचा गूळ हाय, सायेब. आईनं धाडलाय."

"आईला नमस्कार सांग. पण गूळ नको." मग जरा थांबून ते म्हणाले, "ज्ञानू, एक विचारू? आता कोर्ट नाही, साहेब नाही. तुला कुणी काही करणार नाही. त्या दिवशी तू म्हणालास, त्याला वाटेला लावला. म्हणजे काय म्हणालास?"

ज्ञानू त्यांच्याकडे पाहत राहिला. "वाटंला लावला म्हनलं."

"म्हणजे?"

"म्हंजी वाटंला लावला, सायेब. दुसरं काय म्हनायचं?"

"वस्तीवरून रस्त्यापर्यंत सोडलास? की…"

ज्ञानूच्या चेहऱ्यावर काही दिसतं का ते मी पाहत होतो. राग दिसला नाही, भीती दिसली नाही. आपल्याला न कळणारी भाषा कुणी बोलत असावं तसा तो गोंधळलेला दिसत होता. किंवा तसं दाखवत होता. आज इतक्या वर्षांनीही मला सांगता येणार नाही.

"आमी असंच बोलतो," तो शेवटी म्हणाला, आणि ढेप तिथंच ठेवून निघून गेला. जानकीबाईंनी ती पुढे शेजारीपाजारी वाटून टाकली. अनंतरावांनी त्यातला खडाही तोंडात घातला नाही.

नंतर ते दोघं सांगलीला गेले. जानकीबाईंचे धाकटे भाऊ तिथं नोकरीला होते, त्यांनी बोलावून घेतलं. सुरुवातीला अनंतराव मॅट्रिकच्या मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायचे, असं मला त्यांच्याच पत्रावरून कळलं. पण त्या फार टिकल्या नाहीत. पालकांची तक्रार होती. मुलानं एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला तर हे उलट विचारतात, कोण म्हणालं? कुणाला म्हणालं? तेव्हा तिथं आणखी कोण होतं? अशानं पोर्शन कधी संपायचा?

त्यांची माझी शेवटची भेट स्वातंत्र्यानंतर झाली. सांगलीचं संस्थान विलीन होऊन गेलं होतं. एका अपिलाच्या कामासाठी मी सांगलीला गेलो होतो. दुपारी त्यांच्या घरी गेलो तर जानकीबाई एकट्याच होत्या. केस पांढरे झालेले, पण बोलणं तसंच. "ते परदेशी मिशनऱ्यांच्या दवाखान्यात असतात," त्या म्हणाल्या. "तिथं एक मडम डॉक्टरीण आलीय. तिला मराठी येत नाही, पेशंटांना इंग्रजी येत नाही. हे जाऊन उभे राहतात. कुणी बोलावलं नव्हतं. आता बोलावतात."

मी दवाखान्यात गेलो. बाहेरच्या व्हरांड्यात खेड्यापाड्यांतली माणसं बाकांवर, जमिनीवर बसली होती. त्यातली काही सीमेकडची, बोलण्यात कानडी शब्द पेरणारी. आतलं दार उघडंच होतं. डॉक्टरीणबाई खुर्चीवर बसली होती. समोर स्टुलावर एक म्हातारा शेतकरी उघड्या अंगानं बसला होता आणि शेजारी अनंतराव. कोट तोच असावा. पाठ पहिल्यापेक्षा जास्त वाकली होती.

म्हातारा म्हणाला, "छातीत धरतंय जी. उजाडताना लयच धरतंय."

मी थांबलो. आता डावा डोळा मिटणार आणि लगेच नेमकं इंग्रजी बाहेर पडणार, असं मला वाटलं. पण अनंतराव खाली वाकले, त्यांनी कान म्हाताऱ्याच्या तोंडाजवळ नेला.

"धरतंय म्हणजे कसं, बाबा? मुठीत धरल्यासारखं, की सुई टोचल्यासारखं?"

"धरतंय," म्हातारा म्हणाला.

"हात लावून दाखवा बरं. कुठं? असं दाबल्यासारखं? की श्वास आत जात नाही?"

म्हाताऱ्यानं आपला खडबडीत हात छातीवर ठेवला, मग तो जरा सरकवला. अनंतरावांनी त्या हातावर आपला हात ठेवला आणि तो ज्या जागी थांबला तिथं थांबू दिला. बाहेर रांग वाढत होती. डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि नळी कानाला लावता लावता विचारलं, "वॉट डझ ही से, मिस्टर बर्वे?"

अनंतरावांनी वर पाहिलं नाही.

"आय डोन्ट नो येट, मॅडम," ते म्हणाले. "अजून कळलं नाही. जरा थांबा."